चार नंबरची काच

१

माझ्या खोलीत यायचं असेल तर चपला बाहेर काढायच्या, पहिलं दार लावून घ्यायचं, मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून मनात तीस आकडे मोजायचे आणि मगच दुसरं दार उघडायचं. आतली हवा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. इतकं साधं काम पीएच.डी. करणाऱ्या मुलांना जमत नाही. मोजता मोजता ती फोन बघतात आणि बारावर पोचली की त्यांना तीस झाल्यासारखं वाटतं.

म्हणून मी बाहेरच्या दारावर माझ्या अक्षरात पाटी लावली होती: 'लाल दिवा चालू असताना दार वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही. आत काम चालते.' शेवटचं वाक्य काही जणांना लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतं.

मी सत्यशीला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात जे सूक्ष्मदर्शक यंत्र आहे, ते अकरा वर्षं माझ्या ताब्यात आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाला जिथं एक धूसर ठिपका दिसतो, तिथं माझ्या यंत्राला त्या ठिपक्यातले धागे वेगवेगळे दिसतात. त्यासाठी ते एकाच जागेचे हजारो फोटो काढून एकावर एक रचतं. या कामाला बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नमुन्याची काच एका केसाच्या पाच हजाराव्या भागाएवढी जरी सरकली, तरी चित्राचा लगदा होतो. माझं सगळं काम एका शब्दात सांगायचं तर, न हलणं. आणि माणसांना नेमकं तेवढंच येत नाही. कुणी पाय हलवतं, कुणी खुर्ची ओढतं, कुणी शिंकतं आणि वर सॉरी म्हणतं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. घरात भुताखेतांचं किंवा नवसाचं नाव काढायची सोय नव्हती. डोळ्यांनी बघा, परत बघा, तिसऱ्यांदा बघा आणि मग बोला, असा त्यांचा शिरस्ता होता. तो मी आयुष्यभर पाळला.

२

माझ्या भिंतीपलीकडे एसीची मोठी यंत्रं होती आणि ती सांभाळायला बाबुराव होते. ते वाघोलीच्या पुढच्या एका गावातून मोटारसायकलवर यायचे आणि येताना उकडलेल्या शेंगांची पुडी आणायचे. मी ती कधी घेतली नाही. खोलीत खाणं चालत नाही, हे त्यांना दर आठवड्याला सांगावं लागे.

चार वर्षांपूर्वी एका प्रयोगासाठी निरोगी माणसांची कातडी हवी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. संस्थेतल्या आठ जणांनी दिली. मी दिली, कारण सुईला घाबरणाऱ्या प्राध्यापकांची तोंडं मला बघायची होती. बाबुरावांनी दिली, कारण त्यांना कुणीतरी विचारलं. माझा नंबर सात, त्यांचा चार. हे नंबर गुप्त ठेवायचे असतात, पण बाबुरावांनी आपला नंबर सगळ्या इमारतीला सांगून टाकला.

त्या दाण्यांतून पेशी वाढवून गोठवून ठेवल्या आहेत. लागतील तशा काढायच्या, काचेवर चिकटवायच्या आणि वर फॉर्मलिन घालायचं. पेशी मरते आणि मरताना जशी होती तशीच राहते.

"मॅडम, आमचा चार नंबर बरा हाय ना?" बाबुराव रोज सकाळी विचारायचे.

"मेलाय, बाबुराव. फॉर्मलिन घालून मारलाय. जिवंत असता तर माझ्या उपयोगाचा नव्हता."

"पन दिसतोय कसा?"

"दिसतो बरा."

एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. पोराचा निकाल ऐकावा तसे मान हलवत ते आपल्या खोलीत जायचे. मला हसू यायचं आणि ते मी लपवत नसे.

३

अपेक्षा पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला होती. तिचा लेख परत आला होता. चार नंबरचं चित्र धूसर आहे, शुक्रवारपर्यंत नीट चित्र पाठवा, नाहीतर लेख विसरा, असं नियतकालिकाच्या संपादकांचं म्हणणं होतं. सोमवारी सकाळी ती रडवेल्या चेहऱ्यानं माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅम, ड्रिफ्ट खूप आहे. काच सरकतेय. बाकीच्या सातही काचा ओके आहेत, एकदम स्टेबल. फक्त चारलाच होतंय."

"म्हणजे नीट बसवली नाहीस."

"तीनदा बसवली, मॅम."

"मग तीनदा चुकीची बसवलीस."

मी स्वतः बसवली. आमच्या काचांवर सोन्याचे अतिसूक्ष्म मणी पक्के चिकटवलेले असतात. मणी हलताना दिसला की काच हलली असं समजायचं. मण्याची जागा पडद्यावर एका रेषेत उमटत जाते. रेष आडवी असली तर उत्तम, हळूहळू कलली तर चालतं. ही रेष दोन्ही करत नव्हती. ती वर जाऊन खाली येत होती. तीन छोट्या लाटा, मग एक लांब लाट. पुन्हा तीन छोट्या, पुन्हा एक लांब.

"एसीचा कॉम्प्रेसर," मी म्हटलं. "बाबुरावांना बंद करायला सांग आणि इकडे बोलव."

कॉम्प्रेसर बंद झाला. खोलीत एवढी शांतता मी अकरा वर्षांत ऐकली नव्हती. मधल्या जागेतून बाबुरावांचा आवाज येत होता. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. त्या इमारतीत माझ्याशिवाय पूर्ण तीस मोजणारा तो एकच माणूस होता. ते अनवाणी आत आले आणि हात मागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

रेष तशीच चालू होती. तीन छोट्या, एक लांब. आणि माझ्या मागे, त्या शांततेत, बाबुरावांचा श्वास ऐकू येत होता. तीन साधे श्वास, आणि मग छातीत बारीक शिट्टी वाजवत घेतलेला एक लांब श्वास. लांब श्वासाला लांब लाट येत होती.

"लांब उभे राहा, बाबुराव. तुमच्या वजनानं जमीन हलतेय."

ते भिंतीला जाऊन टेकले. काही फरक पडला नाही. मी त्यांना वर, गेटपर्यंत जाऊन यायला सांगितलं. ते गेले आणि थोड्याच वेळात लाटा घाईघाईनं येऊ लागल्या, जिना चढणाऱ्या माणसाला धाप लागावी तशा. मग हळूहळू निवल्या.

"मॅम, हे विअर्ड आहे," अपेक्षा म्हणाली.

"विअर्ड असं काही नसतं. जिन्याची थरथर आहे."

गेट इमारतीपासून दोनशे पावलांवर आहे आणि तिथली थरथर तळघरात येत नाही. हे मला माहीत होतं. तेव्हा ते माहीत असायला नको होतं, एवढंच.

४

काच ऐकत नसेल तर तिला धरून ठेवायची सोय माझ्या यंत्रात आहे. त्याला आम्ही लॉक म्हणतो. यंत्र मण्यांवर नजर ठेवतं आणि काच जिकडे सरकेल त्याच्या उलट तिला ढकलतं, सेकंदाला शंभर वेळा. मग काचेनं कितीही ओढ घेतली तरी ती जागची हलत नाही.

मंगळवारी मी चार नंबरवर लॉक लावून पाहिला. चाळीस सेकंद. रेष सुतासारखी सरळ झाली. अपेक्षानं टाळी वाजवली आणि माझ्याकडून बोलणी खाल्ली.

बाहेर आले तर बाबुराव बोळात जमिनीवर बसले होते. शर्ट घामानं भिजला होता.

"काय झालं?"

"श्वासच थांबला, मॅडम. छाती कुनीतरी दोन्ही हातांनी धरून ठिवली. आत न्हाई, भाईर न्हाई. मग आपोआप सोडली."

"सकाळी काय खाल्लंत?"

"शेंगा."

"मग ॲसिडिटी आहे. एवढं तोंड पाडायचं कारण नाही. दवाखान्यात जाऊन या."

ते गेले आणि गोळी घेऊन परत कामाला लागले.

बुधवारी दीड मिनिट लॉक लावला. यंत्रात वेळेची नोंद आपोआप होते: अकरा चौदा ते अकरा साडेपंधरा. दुपारी गेटवरचा जयसिंग चहा प्यायला खाली आला आणि त्यानं न विचारता सांगितलं, "मॅडम, सकाळी बाबुराव शिडीवर पुतळ्यासारखे उभे होते. हातातला पाना वर तसाच. तीन हाका मारल्या, ओ नाही. मला वाटलं शॉक लागला. मग एकदम मोठा श्वास घेतला आणि खाली बसले."

"किती वाजता?"

"सव्वा अकरा. माझी राउंडची वेळ."

दोनदा काही घडलं की माणसं नवस बोलायला लागतात. मी म्हटलं, दोनदा म्हणजे काहीच नाही. साठीला टेकलेला माणूस, छातीत शिट्टी, रोज शिडीवर चढउतर. त्याला आठवड्यात दोनदा घेरी येणारच. वेळ जुळली हा योगायोग. योगायोग मोडून काढायचा एकच रस्ता असतो, तो म्हणजे तिसऱ्यांदा, नीट, घड्याळ हातात घेऊन.

कुणी विचारलं तर मी सांगते की मला ते खरं वाटत नव्हतं. वाटत असतं तर केलंच नसतं. पण मग गुरुवारी मी बाबुरावांना शिडीवरून उतरवून स्टुलावर का बसवलं, याचं उत्तर मला देता येत नाही. पडले तर लागू नये, म्हणूनच बसवलं.

५

"बरोबर अकराला लॉक लाव," मी अपेक्षाला सांगितलं. "एक मिनिट झालं की काढ. मी पलीकडे आहे."

"आणि इमेज, मॅम? उद्या शुक्रवार आहे."

"चित्राचं नंतर बघू."

ती हो म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती.

पलीकडच्या खोलीत सगळंच थरथरत असतं. पत्रा, खिडकीची काच, टेबलावरचे पाने, भिंतीवरचं कॅलेंडर. माझ्या खोलीतली शांतता राखायला इथं एवढा गोंगाट लागतो. बाबुराव स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या हातात चहाचा स्टीलचा पेला होता.

"एक मिनिट असेच बसा. काही करायचं नाही."

"फोटू काढताय व्हय चार नंबरचा?"

"हो."

"मग हलत न्हाई मी," ते म्हणाले आणि फोटोग्राफरपुढे बसतात तसे पाठ सरळ करून बसले. मला त्याचंही हसू आलं.

घड्याळात अकरा वाजले. पेला ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला.

मी आधी छातीकडे बघितलं. छाती हलत नव्हती. मग पेल्याकडे बघितलं, आणि अजूनही मला तेच आठवतं. टेबलावरचे पाने एकमेकांवर खडखडत होते, स्टुलाचे पाय फरशीवर बारीक थरथरत होते, आणि त्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हातातला चहा काचेसारखा सपाट होता. त्यावर एकसुद्धा तरंग नव्हता. इतकं स्थिर मी माझ्या खोलीतही कधी काही पाहिलं नव्हतं.

मी मोजत होते. पन्नास. साठ. साठला सुटायला हवं होतं. पासष्ट. पोरीला मोजता येत नाही, मी मनात म्हटलं. सत्तर. मी त्यांचा हात धरून ओढला. भिंतीत पक्की बसवलेली खुंटी ओढावी तसं वाटलं.

मग त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. बाकी काही नाही, फक्त डोळे. त्यांत राग नव्हता. रोज सकाळी विचारायचे तसं काहीतरी ते विचारत होते.

६

मी धावले. तळघरात फोन लागत नाही. लागू नये म्हणून मीच अर्ज केला होता.

दारावरचा लाल दिवा चालू होता. म्हणजे पोरीनं मिनिटभरावर न थांबता चित्र घ्यायला सुरुवात केली होती. बारा मिनिटं. दाराला आतून कडी होती, तोही माझाच नियम. मी दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. तिला हाका मारल्या, शिव्या घातल्या, लॉक काढ म्हणून ओरडले. दोन जाड दारं आणि मध्ये बंद हवा. आवाज आत जाऊ नये म्हणून तीन कंपन्यांची दारं बघून मी ही निवडली होती. माझ्या नाकासमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वाजवल्यास उघडले जाणार नाही.

मेन स्विच पाडला. बोळात अंधार झाला, पलीकडचा गोंगाट थांबला, पण लाल दिवा तसाच राहिला. वीज गेली तरी यंत्र अर्धा तास थांबू नये म्हणून मी भांडून बॅटरी घेतली होती. जयसिंग धावत आला आणि खांद्यानं दार ढकलू लागला. दार चांगलं होतं.

दिवा विझला तेव्हा अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. कडी निघाली. अपेक्षाचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मॅम, कोणीतरी वेड्यासारखं दार वाजवत होतं. मी उठलेच नाही, तुमचा रूल! आणि सॉरी, मी डायरेक्ट इमेज घेतली, एवढं स्टेबल होतं की थांबवेना. लॉकनं काय होल्ड केलंय, तुम्ही बघाच."

मी तिला बाजूला सारून आत गेले. मोजले नाहीत.

पडद्यावर चित्र होतं. एकेक धागा सुटा, स्वच्छ, सुईनं ओढल्यासारखा. अकरा वर्षांत असं चित्र त्या यंत्रातून निघालं नव्हतं. आणि मी आधी ते चित्र बघितलं. क्षणभरच असेल, पण आधी ते बघितलं.

"लॉक काढ," मी म्हटलं.

"काढलाय, मॅम. इमेज झाल्या झाल्या काढला."

"खोटं बोलू नकोस. रेष सरळ आहे."

"हो ना! लॉक ऑफ आहे, हे बघा. तरी जरासुद्धा हलत नाहीये." तिनं बटणावर बोट ठेवून दाखवलं. "आता एकदम बरी झाली काच."

रेष पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जात होती. पलीकडची यंत्रं बंद होती, त्यामुळे जयसिंगची हाक स्पष्ट ऐकू आली.

७

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. हातातला चहा सांडलासुद्धा नाही, असं मरण यायला पुण्य लागतं, असं सगळे म्हणाले. एरवी मी असल्या बोलण्याचा समाचार घेतला असता.

अपेक्षाचा लेख स्वीकारला गेला. चित्र मोठं करून जिन्यापाशी लावलं आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल, ती मला माहीत आहे. अकरा वर्षं मी सगळ्यांकडे त्याच नजरेनं बघत आले.

पाटी मी काढली, दाराची कडीही काढली. माझी सात नंबरची काच कुणाला लावू देत नाही. फुटली म्हणून सांगितलं आहे. ती माझ्या कपाटात कापसात गुंडाळून ठेवली आहे. त्या सोमवारी ती जराही हलली नव्हती आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. जिवंत माणसाची काच इतकी गप्प का होती, हे मला आता परत बघायचं नाही. तीनदा सोडाच, एकदाही नाही.

महिन्यानं बाबुरावांच्या पत्नी, चंद्रभागाबाई, त्यांचं सामान न्यायला आल्या. पाने, डबा आणि एक स्वेटर. सगळं पिशवीत भरल्यावर त्या माझ्या दाराशी आल्या.

"त्यांचा चार नंबर तुमच्याकडं हाय म्हनायचे. बगू द्याल का?"

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. त्यांनी चपला काढल्या. मधल्या जागेत मी मोजायला सांगितलं नव्हतं, पण त्या थांबल्या आणि ओठ हलवत मोजत राहिल्या. तीसपर्यंत. बाबुरावांनी घरी शिकवलं असणार.

मी काच लावली. त्या पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या. खाली रेष आडवी जात होती.

"ह्ये काय, वाईचसुद्धा हलत न्हाईत," त्या म्हणाल्या. "घरी एक मिनिट गप बसायचे न्हाईत बगा. जेवताना सुदिक चार खेपा उठायचे." मग त्यांनी माझ्याकडं वळून अगदी साधेपणानं विचारलं, "तुमी कसं बसवलंत?"

मी मनात मोजायला सुरुवात केली. तीस झाले तरी त्या माझ्याकडेच बघत उभ्या होत्या.